लाल सूर्याभोवतीची नावं: युद्धातून घरी नेलेल्या जपानी झेंड्यांची पार्श्वभूमी
दुसऱ्या महायुद्धातले जपानी झेंडे आजही लिलावांत येतात. पांढरं रेशमी किंवा सुती कापड, मधोमध लाल सूर्य आणि त्याच्याभोवती शाईनं लिहिलेली दाट अक्षरं. अमेरिकेतल्या कित्येक घरांच्या माळ्यांवर असे झेंडे अजून पडून आहेत.

ती अक्षरं म्हणजे माणसांची नावं. मुलगा आघाडीवर निघाला की घरचे, शेजारीपाजारी, शाळासोबती, कारखान्यातले सहकारी त्याच्यासाठी झेंड्यावर सह्या करत. अशा झेंड्याला ‘योसेगाकी हिनोमारू’ म्हणतात. वर बहुधा ठळक अक्षरांत लढाईत दैव साथ देवो अशी शुभेच्छा असे. काहींवर देवस्थानाचा शिक्का, तर काहींवर चक्क वाघ रेखाटलेला दिसतो. वाघ हजार कोस गेला तरी परत येतो, अशी तिकडची समजूत. घडी घालून सैनिक हा झेंडा अंगाशी बाळगायचा.

म्हणूनच मृतदेहावर तो हमखास सापडे. तलवार बहुधा जपानी अधिकाऱ्याकडेच मिळे. झेंडा साध्या शिपायाकडेही असे, शिवाय वजन काहीच नाही. प्रशांत महासागरातल्या सायपान, इवो जिमा, ओकिनावा या बेटांवर लढलेल्या अमेरिकी सैनिकांनी विजयाची खूण म्हणून ते घरी नेले. मागणी एवढी वाढली, की अमेरिकी नौदलाच्या बांधकाम तुकड्यांतले काही जण नकली झेंडे रंगवून विकू लागले! अस्सल कोणता आणि नकली कोणता, हा संग्राहकांपुढचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

जपानी घरांची बाजू फार उशिरा पुढे आली, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. परदेशी भूमीवर आणि समुद्रात सुमारे २४ लाख जपानी मेले. त्यांतल्या ११ लाखांहून अधिक जणांचे अवशेष अजून परतलेले नाहीत. अनेक कुटुंबांच्या हाती फक्त लाकडी पेटी आली, आत दगड. अशा घराला झेंडा मिळणं म्हणजे माणसाचं काहीतरी मिळणं.

मराठा पलटणीही ज्या ब्रह्मदेश आघाडीवर लढल्या, तिथे मारल्या गेलेल्या एका जपानी सैनिकाचा झेंडा २००७मध्ये त्याच्या कुटुंबाकडे आला. त्याच्या नातीनं अमेरिकी पतीसोबत २००९मध्ये ओरेगॉन राज्यात ‘ओबॉन सोसायटी’ सुरू केली. ही संस्था झेंड्यांवरच्या नावांवरून गाव आणि घर शोधते. ऑगस्ट २०१७मध्ये ९३ वर्षांचा एक माजी अमेरिकी सैनिक सायपानवर उचललेला झेंडा घेऊन स्वतः गिफू प्रांतातल्या गावी गेला. मृत सैनिकाच्या धाकट्या भावानं तो चेहऱ्याशी धरून हुंगला आणि दादाचा वास येतो म्हणाला.

संग्रहालयंही आता हळूहळू विचार बदलू लागली आहेत. टेक्सासमधल्या ‘यूएसएस लेक्सिंग्टन’ या युद्धनौका-संग्रहालयानं वर्षानुवर्षं मांडून ठेवलेला एक झेंडा २०२३मध्ये सायपानवर पडलेल्या सैनिकाच्या मुलांकडे परत गेला.