‘-इंग’ की ‘टू’ : अर्थ पालटणारी इंग्रजी क्रियापदे

इंग्रजीत एका क्रियापदाच्या पाठोपाठ दुसरे क्रियापद आले, की त्या दुसऱ्याला बहुधा जेरंडचे म्हणजे ‘डूइंग’सारखे, नाहीतर इन्फिनिटिव्हचे म्हणजे ‘टू डू’सारखे रूप घ्यावे लागते. बऱ्याच क्रियापदांचे याबाबतीत पक्के ठरलेले आहे. ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’ यांना जेरंडच लागतो. ‘वाँट’, ‘होप’, ‘डिसाइड’ यांना इन्फिनिटिव्हच. काहींना मात्र दोन्ही चालतात. त्यांतली ‘बिगिन’, ‘स्टार्ट’, ‘कंटिन्यू’ ही निरुपद्रवी : ‘इट स्टार्टेड रेनिंग’ म्हणा किंवा ‘इट स्टार्टेड टू रेन’, पाऊस तोच. पण ‘रिमेंबर’, ‘फर्गेट’, ‘रिग्रेट’, ‘स्टॉप’, ‘ट्राय’, ‘गो ऑन’, ‘मीन’ अशा मोजक्या क्रियापदांमागे कोणते रूप येते त्यावर वाक्याचा अर्थ फिरतो. ही नोंद मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

मुंबईत मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना हा भाग शाळेच्या व्याकरणात निसटता भेटतो आणि पुढे बँकांच्या किंवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करताना गाळलेल्या जागांच्या रूपाने आडवा येतो. क्लासमध्ये तो यादी देऊन उरकला जातो. यादी पाठ होते, फरक मात्र कळत नाही, कारण ‘गोइंग’ म्हणजे जाणे आणि ‘टू गो’ म्हणजेही जाणे, असेच आपण शिकलेलो असतो. ‘-णे’ या एका प्रत्ययाने दोन्ही रूपांची बोळवण केली, की त्यांच्यात फरक उरणार तरी कुठून? वास्तविक मराठी हे फरक रोज करते, पण ‘-णे’ने करत नाही. ‘केल्याचे’, ‘करायचे’, ‘करायला’, ‘करून’, ‘करत’ अशी धातुसाधितांची भरपूर रूपे तिच्याकडे आहेत आणि ती हे काम चोख बजावतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मुंबईतल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीला आज जुनाट म्हणतात. पण वाक्यासमोर वाक्य ठेवण्याची तिची शिस्त निदान या विषयापुरती तरी शब्दार्थांच्या यादीपेक्षा सरस आहे.

‘रिमेंबर’ हे सर्वांत स्वच्छ उदाहरण. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे दार बंद केल्याचे मला आठवते. क्रिया आधी घडली, आठवण नंतर आली. ‘आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’ म्हणजे मी आठवणीने दार बंद केले. इथे आठवण आधी आणि क्रिया नंतर. सकाळची डोंबिवली फास्ट पकडून निघालेल्या माणसाला घाटकोपरपाशी ‘कुलूप लावलं ना मी?’ अशी शंका येते, तेव्हा तो पहिल्या प्रकारची आठवण शोधत असतो. दुसऱ्या प्रकारची वेळ दारातच निघून गेलेली असते. ‘लावल्याचं आठवतंय’ आणि ‘लावायचं आठवलं’ यांत मराठी माणूस कधीच गल्लत करत नाही. भाषाशास्त्रज्ञ लाउरी कार्टुनेन यांनी १९७१ साली या ‘रिमेंबर टू’चा आणखी एक गुण दाखवून दिला. ‘ही रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’ खरे असेल तर दार बंद झालेच, आणि ‘ही डिड नॉट रिमेंबर टू लॉक द डोअर’ खरे असेल तर ते उघडेच राहिले. अशा क्रियापदांना त्यांनी ‘इम्प्लिकेटिव्ह’ हे नाव दिले. जेरंडच्या वाक्याचे तसे नाही. ‘आय डोंट रिमेंबर लॉकिंग द डोअर’ असे म्हणणाऱ्याच्या दाराला कुलूप असेलही. त्याला फक्त ते आठवत नाही.

‘फर्गेट’ याच वाटेने जाते, पण एक पाय जरा लंगडा आहे. ‘आय फर्गॉट टू कॉल’, म्हणजे फोन करायचा विसरलो, हे हरघडी ऐकू येते. जेरंडसह ‘फर्गेट’ बहुधा नकारातच शोभते : ‘आय विल नेव्हर फर्गेट सीइंग द सी फॉर द फर्स्ट टाइम’, पहिल्यांदा समुद्र पाहिल्याचे कधी विसरणार नाही. कामाचा विसर सांगायला जेरंड वापरणे (‘आय फर्गॉट कॉलिंग यू’) ही मात्र सरळ चूक. तसे म्हटले, तर फोन केला होता, पण केल्याचेच विसरलो, असा भलताच अर्थ निघतो.

‘रिग्रेट’ला मुंबईकर सर्वाधिक भेटतात ते लेखी. ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ हे नकारपत्राचे ठरलेले पहिले पाऊल, आणि त्याचे ‘कळविण्यास खेद वाटतो’ हे मराठी रूप पालिकेपासून गृहनिर्माण सोसायटीच्या फलकापर्यंत सगळीकडे रुळले आहे. या साच्यात ‘इन्फॉर्म’, ‘से’, ‘टेल’, ‘अनाउन्स’ अशी सांगण्याची क्रियापदेच बसतात. वाईट बातमी अजून सांगायची आहे, तिच्या आधी हे घसा खाकरणे. ‘आय रिग्रेट टेलिंग हिम’ म्हणजे मात्र त्याला सांगितल्याचा पश्चात्ताप होतो : सांगून झाले, आता इलाज नाही. नोकरी नाकारणाऱ्या कंपनीने चुकून ‘वी रिग्रेट इन्फॉर्मिंग यू’ लिहिले, तर उमेदवाराला कळवून आपण घोडचूक केली, अशी कबुलीच ती देऊन बसेल.

क्लासमधले लाडके उदाहरण ‘स्टॉप’चे असते. ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ म्हणजे त्याने चहा सोडला. ‘ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी’ म्हणजे तो चहा प्यायला थांबला, मग ते दादर स्टेशनबाहेरच्या टपरीवर असो की ऑफिसखाली. उदाहरण सोपे आहे खरे, पण शास्त्रीयदृष्ट्या ते या कुटुंबातले नाही. इथला ‘टू ड्रिंक’ हा ‘स्टॉप’चा पूरक भाग नसून हेतू सांगणारा स्वतंत्र तुकडा आहे. म्हणूनच दोन्ही एकाच वाक्यात नांदू शकतात : ‘ही स्टॉप्ड वर्किंग टू ड्रिंक टी’, चहा प्यायला त्याने काम थांबवले. ‘रिमेंबर’चे असे करून पाहिले तर जमत नाही.

‘ट्राय’चा फरक मराठीत इतका सुबक उतरतो की तो शिकवताना इंग्रजी व्याख्या देऊच नये. ‘आय ट्राइड टू ओपन द विंडो’ म्हणजे खिडकी उघडायचा प्रयत्न केला. ती बहुधा उघडली नाही. ‘आय ट्राइड ओपनिंग द विंडो’ म्हणजे खिडकी उघडून पाहिली. ती उघडली, पण उकाडा गेला की नाही तो वेगळा प्रश्न. पहिल्यात क्रिया जमणेच अवघड असते, दुसऱ्यात क्रिया सहज होते आणि तिचा उपयोग होतो का, एवढेच तपासायचे असते. मराठीतले ‘-ऊन पाहणे’ किंवा बोलीतले ‘-ऊन बघणे’ हेच काम करते. मोबाइल अडला की मुंबईत पहिला सल्ला मिळतो तो ‘बंद करून चालू करून बघ’. त्याचे इंग्रजी ‘ट्राय रीस्टार्टिंग इट’ होते. ‘ट्राय टू रीस्टार्ट इट’ म्हटले तर फोन चालू होणेच दुरापास्त आहे असे वाटेल.

‘गो ऑन’ चरित्रलेखनात फार उपयोगी पडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. हे इंग्रजीत सांगताना ‘ही वेंट ऑन टू स्टडी अ‍ॅट कोलंबिया’ असे लिहितात : एक टप्पा संपला, पुढचा सुरू झाला. ‘ही वेंट ऑन स्टडीइंग’ म्हटले तर तो अभ्यास करतच राहिला, आजूबाजूला काही का होईना. हेच भाषणाबाबत : ‘वेंट ऑन टॉकिंग’ म्हणजे वक्ता बोलत राहिला, ‘वेंट ऑन टू टॉक अबाउट वॉटर’ म्हणजे तो पुढे पाण्याच्या विषयाकडे वळला.

‘मीन’मागे इन्फिनिटिव्ह आला की हेतू कळतो (‘आय डिडन्ट मीन टू हर्ट यू’, तुला दुखवायचे नव्हते). जेरंड आला की परिणाम. विरारहून चर्चगेटला साडेआठची ड्यूटी असेल तर ‘इट मीन्स गेटिंग अप अ‍ॅट फाइव्ह’, म्हणजे पाचला उठणे आलेच. ‘नीड’ची गोष्ट वेगळी : ‘द टँक नीड्स क्लीनिंग’ यातला जेरंड अर्थाने कर्मणी असतो. टाकी काही धूत नाही, टाकी धुवायची असते. ‘नीड्स टू बी क्लीन्ड’चा अर्थ तोच.

या सगळ्यामागे एक सूत्र आहे का? ‘टू’ मुळात ‘कडे’ अशा अर्थाचे दिशादर्शक अव्यय होते, जुन्या इंग्रजीत त्यापुढे क्रियापदाचे चतुर्थीचे रूप येई, तर ‘-इंग’ हा क्रियेचे नाम बनवणारा प्रत्यय होता. त्यामुळे एक रूप पुढे बोट दाखवते आणि दुसरे घडलेली किंवा घडत असलेली गोष्ट वस्तूसारखी हातात ठेवते, हे समजण्याजोगे आहे. भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी १९६८ साली याच धर्तीवर मांडणी केली : जेरंडचा कल वास्तवाकडे, इन्फिनिटिव्हचा संभाव्यतेकडे. कल हा शब्द महत्त्वाचा. ‘जेरंड म्हणजे भूतकाळ, टू म्हणजे भविष्यकाळ’ असा जो ठोकताळा क्लासमध्ये फळ्यावर लिहिला जातो तो ‘रिमेंबर’पुरता ठीक, ‘सजेस्ट गोइंग’मध्ये जाणे अजून व्हायचेच असते आणि ‘मॅनेज्ड टू गो’मध्ये ते होऊन गेलेले असते.

आवडीनिवडीच्या क्रियापदांत फरक बारीक आहे आणि तो सगळेच इंग्रजी भाषक पाळत नाहीत. ब्रिटिश वापरात ‘आय लाइक पेइंग माय बिल्स अर्ली’ म्हणजे बिले लवकर भरण्यात मजा वाटते, जे जरा संशयास्पदच. ‘आय लाइक टू पे’ म्हणजे तसे करणे बरे असे वाटते. ‘वुड लाइक’मागे मात्र निर्विवाद ‘टू’. पाहण्या-ऐकण्याच्या क्रियापदांत ‘टू’ गळून पडतो, तरी जोडी उरते : ‘आय सॉ हिम क्रॉस द ट्रॅक्स’ म्हणजे त्याने रूळ ओलांडलेले पाहिले, पलीकडच्या फलाटावर पोचेपर्यंत, ‘आय सॉ हिम क्रॉसिंग’ म्हणजे ओलांडताना पाहिले, पोचला की नाही ते वाक्य सांगत नाही.

मुंबईतल्या ऑफिसांच्या ईमेलमध्ये सर्वांत जास्त फसवतो तो मात्र इन्फिनिटिव्हचा नसलेला ‘टू’. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ रोज लिहिले जाते. तिथला ‘टू’ शब्दयोगी आहे, म्हणून त्यापुढे ‘मीटिंग’ हवे. ‘ऑब्जेक्ट टू पेइंग’ तसेच. ‘आय यूज्ड टू ट्रॅव्हल बाय लोकल’ म्हणजे पूर्वी लोकलने जायचो, आणि ‘आय अ‍ॅम यूज्ड टू ट्रॅव्हलिंग बाय लोकल’ म्हणजे लोकलच्या प्रवासाची सवय आहे. पहिले म्हणणारा आता बहुधा लोकलने जात नाही. दुसऱ्याला गर्दीचे काही वाटेनासे झालेले असते.