जान्हवीचे दिवस का भरत नव्हते?

झी मराठीवरच्या ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये जान्हवीला दिवस गेले आणि ते काही केल्या भरेनात. २०१५च्या सुमारास त्यावरचे विनोद व्हॉट्सअ‍ॅपवर घरोघर फिरत होते. हत्तीणही एवढ्यात मोकळी झाली असती. लिहिणाऱ्यांना नऊ महिने मोजता येत नव्हते असं कोण म्हणेल? मालिका नावाच्या प्रकारातून शेवट केव्हाच हद्दपार झाला होता, आणि ते काही एका रात्रीत घडलेलं नव्हतं.

दूरदर्शनच्या काळात मालिका आठवड्यातून एकदा लागायची आणि तेरा भागांच्या हिशेबात मंजूर व्हायची. तेरा, सव्वीस, फार तर बावन्न. म्हणजे गोष्ट कुठे थांबणार हे लेखकाला आधीच माहीत असे. लांबण लावणाऱ्या मालिकेचं बी आपल्याकडे आलं ते मेक्सिकोहून. तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे १९८२मध्ये तिकडे जाऊन आले आणि त्यातून पुढे १९८४मध्ये ‘हम लोग’ सुरू झाली. सुरुवातीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका होता की लोक कंटाळले. मग उपदेश कमी झाला, घरातली भांडणं वाढली आणि मालिका चालली. प्रेक्षक बघून कथा वळवायची सवय तेव्हापासूनची. तरी मनोहर श्याम जोशींसारखा लेखक हाताशी होता आणि १५६ भागांत ती संपलीही.

मराठीत रोजच्या मालिकेची वाट दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरच्या ‘दामिनी’ने पाडली. १९९९मध्ये अल्फा मराठी (म्हणजे आताची झी मराठी) आली, २०००मध्ये ई टीव्ही मराठी, आणि रोज संध्याकाळचे तास भरायची गरज निर्माण झाली. हिशेब साधा आहे. जाहिराती वजा जाता भागाला साधारण बावीस मिनिटं, आठवड्याला सहा भाग. दर आठवड्याला एक अख्खा सिनेमा लिहायचा, तोही वर्षानुवर्षं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, वर वाहिनीच्या सूचना. आज सकाळी आलेले संवाद दुपारी चित्रित होणार असतील, तर मागच्या महिन्यात हीच बाई काय म्हणाली होती हे आठवायचं कोणी?

हिंदीत ३ जुलै २००० रोजी ‘क्यूंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली. तिच्यातला नायक मिहिर मेला, प्रेक्षकांनी ओरडा केला, मिहिर परत आला. माझ्या मते खरं नुकसान इथे झालं. मरणच रद्द करता येतं म्हटल्यावर पात्राच्या कुठल्याच कृतीला किंमत उरत नाही. मग वीस वर्षांची उडी आली, प्लास्टिक सर्जरी आली, हरवलेली स्मृती आली. ‘ससुराल सिमर का’मध्ये तर २०१६ साली नायिकेची माशी झाली. मराठीने एवढी मजल मारली नाही, पण ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, भाग तीन हजारांच्या वर. नावातले चार दिवस तेवढे नावापुरते.

वर दर गुरुवारी येणारा टीआरपी. आकडा पडला की ‘ट्रॅक’ बदलायचा. कालची खाष्ट सासू आज देवभोळी, कालची साधी सून आज कंपनीची मालकीण. तिचा स्वभाव का बदलला, हे विचारायचं नाही.

गोष्ट तुकड्यातुकड्यांनी सांगितली म्हणून बिघडते असं मात्र नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरीही ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशःच आली होती आणि तिच्यातली नायिका यमू शेवटपर्यंत यमूच राहिली. टीव्हीवरही २०१२मध्ये ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ वर्षाच्या आत, लोक बघत असतानाच संपली. पुढच्याच वर्षी झी मराठीने ‘एका लग्नाची तिसरी गोष्ट’ आणली.