दिल्लीत राष्ट्रपती भवन, संसद आणि सर्वोच्च न्यायालय पाहायचंय? अर्ज, ओळखपत्रं आणि वारांचं गणित

लाल किल्ल्यात किंवा कुतुबमिनारला तिकीट काढलं की आत जाता येतं. राष्ट्रपती भवन, संसदेची प्रेक्षक गॅलरी आणि सर्वोच्च न्यायालयाची इमारत इथे तसं चालत नाही. तिन्ही ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं, वेळ ठरलेली असते आणि ओळखपत्राची मूळ प्रत तपासली जाते. गेटवर जाऊन विनंती केली तर तिथला जवान नम्रपणे नकार देतो, कारण यादीत नाव घालण्याचा अधिकार त्याला नसतो. म्हणून रेल्वेचं किंवा विमानाचं आरक्षण करण्याआधीच या तीन जागांचे वार आणि तारखा जुळवून घ्या. बाकीची दिल्ली त्याभोवती सहज बसते.

कोणत्या वारी काय उघडं

सोमवारी राष्ट्रपती भवन, तिथलं संग्रहालय आणि तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय बंद असतं. राष्ट्रपती भवनाच्या आवारातलं, फेब्रुवारी-मार्चमध्ये खुलं होणारं अमृत उद्यानही सोमवारी बंद. संसद मात्र अधिवेशन चालू असेल तर सोमवार ते शुक्रवार बसते, शनिवार-रविवारी सहसा नाही. राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणातला गार्ड बदलण्याचा सोहळा शनिवारी असतो. सर्वोच्च न्यायालयाची मार्गदर्शकासोबतची फेरीही शनिवारचीच, पण महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार सोडून.

म्हणजे महिन्याच्या पहिल्या किंवा तिसऱ्या शनिवारी दिल्लीत असणं सगळ्यात सोयीचं. शनिवारी सकाळी गार्ड बदल, दुपारी दोनची न्यायालयाची फेरी. रविवारी राष्ट्रपती भवन आणि संग्रहालय. सोमवारी, अधिवेशन असेल तर, संसद. तीन दिवसांत तिन्ही होतात. शुक्रवारी रात्री किंवा त्याआधी दिल्लीत पोचलेलं बरं. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडतं आणि गाड्या कित्येक तास उशिरा धावतात, त्यामुळे पोचण्याच्या दिवशी सकाळची वेळ कधीच घेऊ नका.

राष्ट्रपती भवन

जून 2023 पासून मुख्य इमारत मंगळवार ते रविवार असे सहा दिवस पाहता येते. राजपत्रित सुट्ट्यांना बंद असते. सकाळी 9.30 ते संध्याकाळी 4.30 या वेळेत एकेका तासाचे गट सोडतात. मुख्य इमारत, संग्रहालय आणि उद्यान यांची नोंदणी वेगवेगळी असते. एकाची पावती दुसरीकडे चालत नाही. मुख्य इमारतीसाठी माणशी 50 रुपये नोंदणी शुल्क आहे. अमृत उद्यान आणि गार्ड बदल विनामूल्य आहेत, पण नोंदणी त्यांचीही करावी लागते.

नोंदणी फक्त राष्ट्रपती भवनाच्या अधिकृत संकेतस्थळावर होते: व्हिजिट डॉट राष्ट्रपतीभवन डॉट गव्ह डॉट इन. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर तिथे पैसे भरू नका. ‘पास काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला जादा पैसे देण्याचं काहीच कारण नाही, तोही हाच अर्ज भरतो. मोबाइल क्रमांक टाकून ओटीपी घ्यायचा, काय पाहायचं ते निवडायचं, तारीख आणि वेळ धरायची, मग प्रत्येकाचं नाव, वय, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक भरायचा. रविवार आणि शाळांच्या सुट्ट्यांतल्या वेळा लवकर भरतात. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत जाणार असाल तर तारखा खुल्या होताच नोंदणी उरकून घ्या.

नेमकं चुकतं ते नावाच्या रकान्यात. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तीन पदरी नाव असतं. आधारवर ते पूर्ण असतं, पॅनवर कधी मधलं नाव गळालेलं असतं, मतदार ओळखपत्रावर ‘राव’ किंवा ‘बाई’ जोडलेलं असतं. लग्नानंतर आधार सासरच्या नावाने आणि पॅन माहेरच्या नावाने, हे तर घरोघरी आढळतं. फॉर्ममध्ये पॅनचा क्रमांक आणि गेटवर हातात आधार, असं झालं की रांग तिथेच अडते. प्रत्येकासाठी एकच ओळखपत्र ठरवा, त्यावर अक्षर न् अक्षर जसं आहे तसं नाव भरा आणि तेच मूळ कार्ड सोबत न्या. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स मूळ प्रतीच्या जागी चालत नाही. मुलांचंही आधार किंवा शाळेचं ओळखपत्र घ्या.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांचा पासपोर्ट लागतो, तोही मूळ. आजीआजोबा भारतीय आणि नातवंडं अमेरिकन पासपोर्टची, अशा कुटुंबात कोणाचं नाव कोणत्या कागदावर भरलंय ते एका कागदावर लिहून ठेवा. एकाच नोंदणीत दोन प्रकारची ओळखपत्रं आली की गोंधळ हमखास होतो.

कोणत्या गेटने जायचं ते पावतीवर छापलेलं असतं आणि ते नीट वाचायला हवं, कारण परिसर अवाढव्य आहे. संग्रहालय गेट क्रमांक 30 मधून, मदर तेरेसा क्रेसेंट रस्त्यावरून. अमृत उद्यान गेट क्रमांक 35 मधून, नॉर्थ अव्हेन्यूच्या बाजूने. उद्यानाच्या दिवसांत सेंट्रल सेक्रेटरिएट मेट्रो स्थानकावरून शटल बस सोडतात. रिक्षावाल्याला नुसतं ‘राष्ट्रपती भवन’ सांगितलं तर तो जवळच्या कुठल्याही बाजूला उतरवतो, आणि तिथून योग्य गेटपर्यंत चालत जाण्यात तुमची वेळ निघून जाते. गेटचा क्रमांक आणि रस्त्याचं नाव, दोन्ही सांगा.

मुख्य इमारतीत छायाचित्रणाला परवानगी नाही. मोबाइल आणि बॅगा काउंटरवर जमा कराव्या लागतात. उद्यानात मोबाइल, पर्स, पाण्याची बाटली आणि बाळाची दुधाची बाटली चालते. कॅमेरा, छत्री आणि खाण्याचे पदार्थ चालत नाहीत, त्यामुळे प्रवासासाठी बांधून घेतलेला चिवडा-लाडवांचा डबा खोलीवरच ठेवा.

आत जे दिसतं त्यासाठी ही सगळी खटपट करावीच. एडविन लट्येन्सने आराखडा केलेली ही 340 खोल्यांची वास्तू 1929 मध्ये पूर्ण झाली. पूर्वीचा दरबार हॉल आणि अशोक हॉल यांची नावं जुलै 2024 मध्ये गणतंत्र मंडप आणि अशोक मंडप अशी झाली, त्यामुळे जुन्या पुस्तकात वाचलेलं नाव फलकावर सापडणार नाही. अशोक मंडपाचं छत मान वर करून सावकाश पाहा. मधोमध पर्शियाच्या फतेह अली शाहच्या शिकारीचं चित्र आहे.

राष्ट्रीय कार्यक्रम किंवा परदेशी पाहुण्यांचं आगमन असेल तर भेटी रद्द होतात. नोंदणी केलेल्या मोबाइलवर तसा संदेश येतो, म्हणून जो क्रमांक प्रवासात चालू असेल तोच द्या.

संसद: इथे अर्ज खासदारामार्फत

सामान्य नागरिकाला लोकसभेच्या किंवा राज्यसभेच्या सार्वजनिक गॅलरीचा पास खासदाराच्या शिफारशीने मिळतो. पास ठरावीक तारखेचा आणि ठरावीक वेळेचा, साधारणपणे एक तासाचा असतो. लोकसभेचा पास राज्यसभेत चालत नाही. लोकसभेच्या पाससाठी खासदाराच्या सहीचा अर्ज आदल्या कामकाजाच्या दिवशी दुपारी चारपर्यंत पास देणाऱ्या कक्षात पोचलेला असावा लागतो. सोमवारचा पास हवा असेल तर ही मुदत शुक्रवारी संपते, हे बरेच जण विसरतात.

अर्जावर सही करताना खासदार लिहून देतात की ही व्यक्ती माझ्या व्यक्तिशः परिचयाची आहे आणि तिची जबाबदारी मी घेतो. ही ओळ नावापुरती नाही. 13 डिसेंबर 2023 रोजी दोघांनी लोकसभेच्या गॅलरीतून सभागृहात उडी मारली, बुटात लपवून आणलेल्या नळकांड्यांतून धूर सोडला, आणि पास ज्यांच्या शिफारशीवर निघाला होता त्या खासदारांनाही प्रश्न विचारले गेले. त्यानंतर पास देणं थांबवलं गेलं आणि पुढे नियम कडक झाले. मे 2024 पासून संकुलाची सुरक्षा सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाकडे आहे. बूट काढून तपासले जातात, हेही मनात धरून या.

म्हणून खासदारांच्या कार्यालयाशी निदान दोन-तीन आठवडे आधी संपर्क साधा. महाराष्ट्रातून लोकसभेवर 48 आणि राज्यसभेवर 19 सदस्य आहेत, गोव्यातून दोन आणि एक. आपल्या मतदारसंघाचं जनसंपर्क कार्यालय हाच सरळ रस्ता. तिथे नुसता फोन न करता एका कागदावर एवढं लिहून द्या: प्रत्येकाचं पूर्ण नाव, वडिलांचं किंवा पतीचं पूर्ण नाव, वय, व्यवसाय, कायमचा पत्ता, दिल्लीतला पत्ता, मोबाइल, ओळखपत्राची प्रत, कोणतं सभागृह आणि दोन पर्यायी तारखा. नावात आद्याक्षरं चालत नाहीत. ‘अ. ब. पाटील’ असं लिहिलेला अर्ज परत येतो, तिथे तिन्ही नावं पूर्ण हवीत. दिल्लीतला पत्ता म्हणून हॉटेलचं नाव आणि रस्ता द्या. भारतीय पासपोर्ट नसलेलं कोणी सोबत असेल तर ते पहिल्याच फोनमध्ये सांगा. अर्जात पासपोर्ट क्रमांक भरावा लागतो आणि त्यांची पद्धत वेगळी असते.

दहा वर्षांखालच्या मुलांना गॅलरीत प्रवेश नाही. लहान मूल असेल तर घरातल्या एकाने बाहेर थांबावं लागेल, आणि ते कोण हे मुंबई-पुण्यातच ठरवलेलं बरं. तिघाचौघांचा अर्ज दहा-बारा जणांच्या अर्जापेक्षा सहज मार्गी लागतो.

अधिवेशनं साधारण तीन. अर्थसंकल्पी अधिवेशन जानेवारीअखेरीस सुरू होतं आणि मधल्या सुट्टीसह एप्रिलपर्यंत जातं. पावसाळी अधिवेशन जुलै-ऑगस्टमध्ये, हिवाळी डिसेंबरच्या आसपास. लोकसभेत सकाळी 11 ते 12 प्रश्नोत्तरांचा तास असतो आणि त्यानंतर शून्य प्रहर, म्हणजे सदस्यांनी तातडीचे विषय मांडायची वेळ. राज्यसभेत उलट: 11 वाजता शून्य प्रहर, 12 वाजता प्रश्नोत्तरं. निवड असेल तर लोकसभेचा 11 ते 12 मागा. मंत्री उभे राहून उत्तरं देताना दिसतात, सभागृह भरलेलं असतं. गदारोळात सभागृह तहकूब झालं तर मात्र काही इलाज नाही; तुमचा तास गेला की पास संपला. आदल्या संध्याकाळी त्या सभागृहाच्या संकेतस्थळावर कामकाजाची यादी येते, ती वाचून गेलात तर समोर काय चाललंय ते उमगतं.

मे 2023 मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या इमारतीत आता दोन्ही सभागृहं बसतात. जुन्या गोल इमारतीचं नाव संविधान सदन. गॅलरीत मोबाइल, स्मार्ट घड्याळ, बॅग, कॅमेरा, कागद काहीच न्यायचं नाही. बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. खिशात ओळखपत्र, पास आणि थोडे पैसे एवढंच ठेवा. तपासणीचे टप्पे बरेच असतात, तेव्हा पासावरच्या वेळेच्या तासभर आधी पोचा.

सर्वोच्च न्यायालय

या फेरीबद्दल आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, याची खंत वाटते, कारण तिघांत हीच सगळ्यात सोपी. शुल्क नाही, शिफारस नाही. न्यायालयाच्या संकेतस्थळावर ‘गाइडेड टूर’ या दुव्यावर नोंदणी करायची. दिवसाला चार वेळा असतात: 10 ते 11.30, 11.30 ते 1, 2 ते 3.30 आणि 3.30 ते 5. न्यायालयाच्या सुट्टीच्या शनिवारी फेरी नसते, म्हणून नोंदणीपूर्वी न्यायालयाचं वार्षिक कॅलेंडर पाहा. मूळ ओळखपत्र इथेही हवं. न्यायदालन, न्यायाधीशांचं ग्रंथालय आणि संग्रहालय दाखवतात. कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना तर आवर्जून न्या. मेट्रोच्या निळ्या मार्गावर ‘सुप्रीम कोर्ट’ नावाचं स्थानक आहे. जुन्या नकाशात तेच ‘प्रगती मैदान’ म्हणून दिसेल.

कामकाजाच्या दिवशी प्रत्यक्ष सुनावणी पाहायची असेल तर वेगळा प्रवेश पास लागतो. त्यासाठी ऑगस्ट 2023 पासून ‘सुस्वागतम’ हे पोर्टल आहे. मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत न्यायालयाचं कामकाज मर्यादित असतं, तेव्हा उन्हाळी सुट्टीतल्या सहलीत सुनावणीची आशा धरू नका.

जानेवारीत जाणार असाल तर

प्रजासत्ताक दिनाच्या आधीचा आठवडा या तिन्ही ठिकाणांसाठी अवघड. रंगीत तालमींमुळे कर्तव्य पथाच्या आसपासचे रस्ते बंद होतात, गार्ड बदल रद्द होतो, राष्ट्रपती भवनाच्या भेटीही थांबतात. 29 तारखेचा बीटिंग रिट्रीट, म्हणजे लष्करी बँडचा समारोप सोहळा, संपला की हळूहळू सगळं पूर्ववत होतं. संचलनच पाहायचं असेल तर तिकिटं संरक्षण मंत्रालयाच्या ‘आमंत्रण’ पोर्टलवर आणि दिल्लीतल्या काही काउंटरवर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मिळतात. 2025 मध्ये संचलनाची तिकिटं 20 आणि 100 रुपयांची होती. रोजचा कोटा सुटला की थोड्याच वेळात संपतो. तिकीट काढताना जे ओळखपत्र वापरलं तेच मूळ ओळखपत्र संचलनाच्या दिवशी दाखवावं लागतं. भावाच्या आधारवर काढलेल्या तिकिटावर बहिणीला आत सोडत नाहीत.