औषधनिर्माण अधिकारी (महाराष्ट्रातील सरकारी आरोग्यसेवा)

औषधनिर्माण अधिकारी हे महाराष्ट्राच्या सरकारी आरोग्यसेवेतील नोंदणीकृत फार्मासिस्टचे पदनाम आहे. औषधांचा साठा राखणे, केसपेपरवर लिहिलेले औषध तपासून रुग्णाच्या हाती देणे आणि ते कसे घ्यायचे हे समजावणे अशी तिहेरी जबाबदारी या पदावर असते. यांतल्या पहिल्या कामाचाच पसारा एवढा, की तिसऱ्यासाठी वेळ उरत नाही. या पदाची खरी अडचण तीच.

पूर्वी हे काम कंपाउंडर करीत. मिश्रणे दवाखान्यातच तयार होत आणि बाटलीवर मात्रेच्या खुणा कापलेली कागदी पट्टी चिकटवलेली असे. तयार गोळ्या आणि सीलबंद बाटल्या आल्यावर ते कौशल्य मागे पडले. फार्मसी कायदा १९४८ चा. त्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. नोंदणीसाठी किमान पात्रता म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका आणि ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण. नोंदणी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे होते. सरकारी रुग्णालयाला मात्र खासगी मेडिकलसारखा विक्रीचा परवाना लागत नाही. औषध नियमांच्या ‘के’ अनुसूचीने ती सूट दिली आहे. पण औषधवाटप पात्र व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे आणि साठवण योग्य असावी, या अटी घालूनच.

पदाची रचना थोडी विस्कळीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील अधिकारी जिल्हा परिषदेचा. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांतला सार्वजनिक आरोग्य विभागाचा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला वैद्यकीय शिक्षण विभागाचा, तर महापालिकेच्या दवाखान्यातला महापालिकेचा. शिक्षण एकच, वरिष्ठ चार ठिकाणचे. औषध खरेदीची व्यवस्थाही बदलत आली. २०१७ पासून राज्यस्तरीय खरेदी हाफकिन या लसी व औषधे बनवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे होती. २०२३ च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आले. पुरवठा रखडला, तरी त्याचा जाब रुग्ण औषधाच्या खिडकीवरच्या माणसालाच विचारतो.

आरोग्य केंद्रात अनेक ठिकाणी लसींची शीतसाखळीही, म्हणजे लस सतत थंड ठेवण्याची व्यवस्थाही, याच अधिकाऱ्याकडे असते. दिवसाची सुरुवात मग आयएलआरचे, म्हणजे लसींच्या शीतपेटीचे, तापमान लिहून होते. ते २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवे आणि दिवसातून दोनदा नोंदवायचे. उष्णतेने लस बिघडते हे सगळ्यांना माहीत असते. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित) किंवा टीडीसारखी (धनुर्वात-घटसर्पावरची) लस गोठली तरी वाया जाते, हे सहज विसरले जाते. त्यानंतर बाह्यरुग्ण विभागाची रांग. केसपेपर हातात आला की औषधाचे नाव, मात्रा, रुग्णाचे वय आणि दिवस पाहायचे. मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल अशी सारखी वाटणारी नावे शेजारशेजारी ठेवायची नाहीत, हा साधा नियम मोठ्या चुका टाळतो. अक्षर लागले नाही तर अंदाज न करता डॉक्टरांना विचारायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गोळीचा रंग दाखवून, ‘ही सकाळी जेवल्यावर, ही झोपताना’ असे सांगावे लागते. रांग लांबली की पहिली कात्री याच दोन वाक्यांना लागते.

दुपार रजिस्टरांची. आलेला माल बॅच क्रमांक आणि मुदतीसह साठा नोंदवहीत चढवायचा, तीच नोंद ई-औषधी या संगणकीय प्रणालीत करायची, उपकेंद्रांच्या आरोग्यसेविकांना आणि आशांना ओआरएस, लोहाच्या गोळ्या, पॅरासिटामॉल मोजून द्यायचे. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर जाते. कपाट मांडतानाच ही शिस्त पाळावी लागते, कारण मुदत संपलेली पेटी लेखापरीक्षणात महागात पडते. पावसाळ्याआधी सर्पदंशावरील प्रतिविषाचा साठा पाहणे अटळ. कोकणात लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्सिसायक्लिनही हवे.

मोठ्या रुग्णालयात काम विभागलेले असते: मुख्य भांडार, बाह्यरुग्ण औषधवाटप आणि वॉर्डांचा पुरवठा. वॉर्डच्या सिस्टर इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, पाठवतात, त्यावर औषध जाते. मॉर्फिनसारख्या अमली वर्गातील औषधांचा हिशेब वेगळा. ती कुलपात असतात, प्रत्येक अँप्यूलची (इंजेक्शनच्या काचेच्या कुपीची) सहीने नोंद होते आणि रिकामे अँप्यूल परत मागितले जाते. बाहेरच्या मेडिकललाही अशीच एक शिस्त आहे. औषध नियमांच्या एच-१ अनुसूचीतील औषधे, उदाहरणार्थ क्षयरोगावरची आणि कार्बापेनेम गटातील प्रतिजैविके, विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे जपायची असते.

शालेय मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातही दोन आयुष डॉक्टर आणि एका परिचारिकेबरोबर एक फार्मासिस्ट असतो. तिथे त्याच्या वाट्याला बऱ्याचदा वजन-उंची आणि संगणकातली माहिती येते. औषधांचे ज्ञान वापरायला वाव कमी.

खासगी मोठ्या रुग्णालयांत क्लिनिकल फार्मासिस्ट ही भूमिका रुळत आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या सहा वर्षांच्या फार्म. डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रमाचा रोख तिकडेच. हा फार्मासिस्ट डॉक्टरांबरोबर राउंडला जातो, दोन औषधांचे एकमेकांशी वावडे आहे का ते पाहतो, मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा कमी करण्याचे सुचवतो. संहत (कॉन्सन्ट्रेटेड) पोटॅशियम क्लोराइड, इन्सुलिन, हेपॅरिन अशी जोखमीची औषधे वेगळी ठेवून ती देताना दोघांनी तपासायची पद्धतही असते. सरकारी रुग्णालयांत असे काम क्वचितच दिसते.

औषधाचा दुष्परिणाम दिसल्यास भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाकडे कळवणे फार्मासिस्टला शक्य असते. त्यासाठी छापील अर्ज आहे आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांकही. रुग्ण स्वतःही त्यावर कळवू शकतो.