तिएशी म्हणजे नेमकं कुठलं? शेनयांगचं की आनशानचं?

चीनच्या ईशान्येला ल्याओनिंग नावाचा प्रांत आहे. शेनयांग ही त्याची राजधानी, आणि तिथून दक्षिणेला सुमारे 90 किलोमीटरवर आनशान. या दोन्ही शहरांत तिएशी नावाचा एकेक शहरी जिल्हा आहे. दोन्हीकडे कारखाने, आणि दोन्हींची वाढ जपानी ताब्यातल्या एकाच रेल्वेच्या कडेने झालेली. एक लेख सांगतो की तिएशीतले कारखाने कधीच उठले, दुसरा सांगतो की तिएशीत पोलादाच्या भट्ट्या रात्रंदिवस चालू आहेत. वाचणाऱ्याला वाटतं, यातलं एक खोटं असणार. प्रत्यक्षात दोन्ही खरं आहे, फक्त गाव वेगळं आहे.

आधी नाव. चिनी भाषेत रेल्वेला ‘तिएलू’ म्हणतात. तिए म्हणजे लोखंड, लू म्हणजे रस्ता. आपला ‘लोहमार्ग’ अगदी तसाच घडलेला शब्द आहे. शी म्हणजे पश्चिम. तेव्हा तिएशी म्हणजे रुळांच्या पश्चिमेचा भाग. अंधेरी पश्चिम म्हणावं तसं हे नाव आहे, पुढे शहराचं नाव लावल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही. रूस-जपान युद्धानंतर, 1905 मध्ये, या रेल्वेचा दक्षिण भाग जपानकडे गेला आणि दक्षिण मांचुरिया रेल्वे कंपनीने तिच्या काठाने शहरं आखली. म्हणून दोन्हीकडे एकच नाव उगवलं.

शेनयांगच्या तिएशीत मुख्यतः यंत्रं बनत. 1930च्या दशकात जपान्यांनी इथे औद्योगिक वसाहत उभारली. 1949 नंतर नव्या सरकारने सोव्हिएत मदतीने लेथ, केबल, पंप, ट्रान्सफॉर्मर, अवजड यंत्रं असा सगळा संसार इथे मांडला. रचना साधी होती: उत्तरेला कारखाने, दक्षिणेला कामगारांची घरं, मधून जाणारा मोठा रस्ता. 1952 पासून बांधलेलं ‘कामगार गाव’ लाल विटांचं होतं, आणि तिथे खोली मिळणं मानाचं समजत. कारखाना म्हणजे फक्त पगार नव्हता. घर, दवाखाना, मुलांची शाळा सगळं त्याच्याच पदरात असे.

म्हणूनच 1990च्या दशकात हे कारखाने तोट्यात बुडाले तेव्हा माणसांचं एकाच वेळी सगळं हललं. त्या काळाचा शब्द आहे ‘शियागांग’, म्हणजे कामाच्या जागेवरून उतरणं. कागदावर माणूस कारखान्याचाच राहायचा, पण काम नसायचं आणि हातात तुटपुंजा भत्ता यायचा, तोही कधी थकलेला. मला हा शब्द फार क्रूर वाटतो. नोकरी गेली असं तो म्हणत नाही, आणि त्यामुळे ज्याची गेली त्याला धड दुःखही मांडता येत नाही.

वांग बिंग यांनी 1999 ते 2001 या काळात तिथे चित्रीकरण करून जवळपास नऊ तासांचा माहितीपट केला. बाहेरच्या जगाला तिएशी हे नाव ठाऊक झालं ते बरंचसं त्यातून, आणि तो शेनयांगचा आहे, आनशानचा नाही. त्यात दिसणारा धातू गाळण्याचा कारखाना पुढे दिवाळखोर झाला आणि त्याची सुमारे 100 मीटर उंचीची तीन धुराडी 2004 मध्ये सुरुंग लावून पाडली गेली.

त्याआधी, 2002 मध्ये, तिएशी जिल्हा आणि त्याच्या पश्चिमेचं आर्थिक विकास क्षेत्र एकत्र करण्यात आलं. मग सुरू झालं स्थलांतर. शहरातली जुनी महाग जमीन विकायची, पश्चिमेला स्वस्त जमिनीवर नवा कारखाना उभारायचा आणि मधल्या फरकातून कामगारांची थकलेली देणीही भागवायची. लेथ उचलून ट्रकवर चढवता येतो, म्हणून हे जमलं. जुन्या जागांवर इमारती आल्या. एका मोठ्या फाउंड्रीचं 2012 मध्ये औद्योगिक संग्रहालय झालं. त्याच वर्षी पश्चिमेकडच्या भागात बीएमडब्ल्यूचा तिएशी कारखाना सुरू झाला.

आनशानच्या तिएशीत हे जमलं नसतं. तिथे आनशान पोलाद कारखाना आहे, चिनी तोंडात ‘आनगांग’. आसपासच्या टेकड्यांत लोहखनिज आहे, म्हणून 1918 मध्ये जपान्यांनी इथे लोखंडाचा कारखाना काढला. 1933 मध्ये तो शोवा पोलाद कारखान्यात सामावला गेला. 1944 मध्ये अमेरिकी बी-29 विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. जपानची हार झाल्यावर सोव्हिएत सैन्याने यंत्रं उचलून नेली. मंग ताय नावाच्या कामगाराने भंगारातून नट, व्हॉल्व्ह, पाइपांचे तुकडे वेचून कोठार भरलं आणि त्या सुट्या भागांवर भट्ट्या दुरुस्त झाल्या. चीनभर त्याचं नाव आदर्श कामगार म्हणून गाजलं. 1949च्या जुलैमध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला. 1953च्या डिसेंबरात रुळांची गिरणी, बिनजोड नळ्यांची गिरणी आणि सातवी झोतभट्टी, म्हणजे खनिजातून लोखंड वितळवून काढणारी उंच भट्टी, एकदम चालू झाल्या.

पोलादाचं काम साखळीचं असतं. कोक भट्टी, झोतभट्टी, पोलादशाळा, लाटणगिरणी. वितळलेलं लोखंड गरम असतानाच पुढच्या टप्प्याला पोचावं लागतं. त्यातली एक कडी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. झोतभट्टी तर एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. म्हणून आनगांगला वाढायचं होतं तेव्हा त्यांनी समुद्रकाठी बायुछुआनला वेगळा कारखाना बांधला, तो 2008 मध्ये सुरू झाला. आनशानमधला जुना जागेवरच राहिला. एक गंमत मात्र लक्षात ठेवा: समूहाचं मुख्य कार्यालय तिएदोंगमध्ये, म्हणजे रुळांच्या पूर्वेला आहे. तिएशीत भट्ट्या आहेत.

मजकुरात मेट्रो आली, तर ते शेनयांग. तिथली पहिली मार्गिका 2010 मध्ये सुरू झाली आणि ती तिएशीतूनच जाते. लेथ, संग्रहालय, शियागांग, जर्मन मोटारी यांतलं काही दिसलं तरी तेच. झोतभट्टी, खाणी, मंग ताय आले की आनशान. आणि यातलं काहीच नसेल, तर शेजारच्या जिलिन प्रांतातलं सिपिंगही तपासून पाहा. तिथेही एक तिएशी आहे.