मतजुळणी चाचणी

मतजुळणी चाचणी : निवडणुकीत चर्चेत असलेल्या प्रश्नांवर मतदाराचे मत विचारून ते उमेदवारांच्या किंवा पक्षांच्या जाहीर भूमिकांशी ताडून पाहणारे आणि कोणाशी किती जुळते हे आकड्यात सांगणारे साधन. नेदर्लंड्स, जर्मनी यांसारख्या संसदीय देशांत तुलना पक्षांशी होते. अमेरिका, फ्रान्स, फिनलंड येथील राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकांत ती व्यक्तींशी होते. प्रस्तुत नोंदीचा भर दुसऱ्या प्रकारावर आहे. मात्र शास्त्रीय अभ्यास बहुतांशी पहिल्या प्रकाराचा झालेला असल्याने त्याचा आधार घेणे भागच पडते.

उगम : या साधनाचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. बहुतेक अभ्यासक १९८९ सालच्या नेदर्लंड्समधील ‘स्टेमवायझर’कडे बोट दाखवतात. नागरिकशास्त्राच्या शिक्षणासाठी काढलेली ती एक पुस्तिका होती. पक्षांच्या जाहीरनाम्यांतून वेचलेली ६० विधाने आणि सोबत संगणकाची एक चकती असे तिचे स्वरूप होते. ती प्रामुख्याने शाळांसाठी होती, त्यामुळे निवडणुकीवर तिचा परिणाम झाला असण्याचा संभव कमीच. दुसरा दावा फिनलंडचा. तेथील सार्वजनिक प्रसारण संस्था ‘युले’ हिने १९९६ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत अशी चाचणी इंटरनेटवर आणली, तर डच चाचणी इंटरनेटवर आली ती १९९८ मध्ये. आजचे रूप हे इंटरनेटचेच अपत्य मानले, तर मान फिनलंडकडे जातो. शिवाय फिनलंडमध्ये मतदार हा पक्षाच्या यादीतील एका व्यक्तीलाच मत देतो, त्यामुळे व्यक्तीशी तुलना करण्याची प्रथाही तेथेच रुजली.

अमेरिकेतील परंपरा वेगळ्या वाटेने आली. स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला त्याच वर्षी, १९२० मध्ये, स्थापन झालेल्या ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ने उमेदवारांना प्रश्नावली पाठवून त्यांची उत्तरे छापण्याचा पायंडा पाडला. उत्तरे शेजारी शेजारी मांडली जात. वाचणाऱ्याने काय ते ताडून पाहावे. १९६९ मध्ये अमेरिकी राजकीय कार्यकर्ते डेव्हिड नोलन यांनी आर्थिक व वैयक्तिक स्वातंत्र्याच्या दोन अक्षांवर राजकीय मते मांडणारा तक्ता तयार केला. त्यात मतदाराचे स्थान ठरते, उमेदवाराचे नव्हे, म्हणून त्याला पूर्वज म्हणता आले तरी पहिली चाचणी म्हणता येत नाही. मतदार आणि उमेदवार वा पक्ष यांना एकाच मोजपट्टीवर आणून गणित करणे हा या साधनाचा गाभा धरला, तर १९८९ हेच वर्ष अधिक सयुक्तिक ठरते. अध्यक्षीय उमेदवारांसाठीच्या चाचण्या अमेरिकेत साधारणतः २००० च्या निवडणुकीच्या सुमारास दिसू लागल्या. ‘ऑनदइश्यूज’ या संकेतस्थळाची वीस प्रश्नांची चाचणी आणि २०१२ पासूनची ‘आयसाइडविथ’ या त्यांतील टिकून राहिलेल्या.

उमेदवाराची भूमिका कोण ठरवतो : याची दोन उत्तरे आहेत. स्वित्झर्लंडच्या ‘स्मार्टव्होट’मध्ये (२००३) उमेदवार स्वतः प्रश्नावली भरतो. ‘ऑनदइश्यूज’मध्ये संकलक भाषणे, सभागृहातील मतदान व मुलाखती तपासून भूमिका नोंदवतात. पहिल्या पद्धतीत उमेदवार सोयीचे लिहू शकतो; दुसरीत संकलकाचा कल डोकावतो. अमेरिकेत पहिली पद्धत आणखी एका कारणाने अडखळली, ते म्हणजे उमेदवार उत्तरेच देत नाहीत. दिलेले प्रत्येक उत्तर प्रतिस्पर्ध्याच्या जाहिरातीत वापरले जाईल ही भीती त्यामागे असते. ‘प्रोजेक्ट व्होट स्मार्ट’ या संस्थेने आपल्या प्रश्नावलीला पुढे ‘राजकीय धैर्य चाचणी’ असेच नाव दिले. संस्थेच्या संचालक मंडळावर असलेले जॉन मकेन यांनी ती भरली नाही, म्हणून २००८ मध्ये, ते अध्यक्षपदाचे उमेदवार असताना, संस्थेने त्यांना मंडळावरून दूर केले.

गणित : जुळणीचा आकडा कसा निघतो याकडे वापरणाऱ्याचे क्वचितच लक्ष जाते. समजा तीन विधाने आहेत : सरकारी आरोग्य विमा सर्वांना मिळावा, कर्ब-उत्सर्जनावर कर लावावा, मृत्युदंड कायम ठेवावा. उत्तरे ‘पूर्ण असहमत’ (−२) ते ‘पूर्ण सहमत’ (+२) अशा पाच पायऱ्यांची. मतदार पहिल्या दोहोंना काहीसा सहमत (+१, +१) व तिसऱ्याला काहीसा असहमत (−१) आहे. उमेदवार ‘क’ याच दिशेने पण टोकाचा आहे (+२, +२, −२). ‘ख’ने कशावरच भूमिका घेतलेली नाही (०, ०, ०). ‘ग’ पहिल्या दोहोंवर हुबेहूब मतदारासारखा, पण मृत्युदंडाचा कट्टर समर्थक (+१, +१, +२).

फरकांची सरळ बेरीज केली तर तिघांचेही अंतर ३ येते. कमाल अंतर १२ (तीन विधाने, प्रत्येकी ४) धरल्यास तिघांशी जुळणी ७५ टक्के. म्हणजे ज्याने तोंडच उघडले नाही तोही ७५ टक्के जुळतो. फरकांचे वर्ग करून त्यांच्या बेरजेचे मूळ काढले (युक्लिडीय अंतर), तर ‘क’ व ‘ख’ ७५ टक्क्यांवरच राहतात आणि ‘ग’ सुमारे ५७ वर घसरतो, कारण ही पद्धत एका मोठ्या मतभेदाला अनेक छोट्या मतभेदांपेक्षा जड मानते. नेमके तेच उत्तर किती ठिकाणी आले एवढेच मोजले, तर ‘ग’ तीनपैकी दोन मिळवून पहिला येतो व उरलेल्या दोघांना शून्य मिळते. दिशा पाहणारी गुणाकाराची पद्धत (प्रत्येक विधानावरील दोघांचे आकडे गुणून बेरीज करणे) घेतली, तर ‘क’ला ६ आणि इतर दोघांना शून्य. उत्तरे तीच असताना पहिला क्रमांक पद्धतीगणिक बदलतो. पत्रिकेतील छत्तीस गुणांप्रमाणे येथेही किती जुळले हे सांगितले जाते; कोणत्या नियमाने जुळवले हे विचारावे लागते.

या पद्धतींमागे दोन सिद्धांत आहेत. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांच्या १९५७ मधील मांडणीनुसार मतदार आपल्याला सर्वांत जवळच्या उमेदवाराकडे वळतो. राज्यशास्त्रज्ञ जॉर्ज रॅबिनोविट्झ व स्टुअर्ट मॅकडोनाल्ड यांनी १९८९ मध्ये याला आव्हान दिले. मतदार बाजू आणि तीव्रता पाहतो, अंतर नव्हे, असे त्यांचे म्हणणे. वाद मिटलेला नाही. काही प्रणाली दोन्हींची सरासरी घेतात. टॉम लाउवर्स व मार्टिन रोसेमा यांनी स्टेमवायझरच्याच उत्तरांवर निरनिराळी गणिते लावून पाहिली, तेव्हा वापरकर्त्यांच्या बऱ्याच मोठ्या हिश्श्याला वेगळा सल्ला मिळाला असता असे आढळले. स्टेफान वालग्राव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल्जियममध्ये विधानांचे सुमारे पाच लाख संच संगणकावर तपासून दाखवले की, कोणती विधाने निवडली यावरही निकाल लक्षणीय बदलतो. गणिताचा दोष निदान उघड करून दुरुस्त करता येतो. विधानांच्या निवडीचा दोष सहसा दृष्टीसच पडत नाही, म्हणून तो अधिक गंभीर मानावा लागेल.

वादग्रस्त प्रसंग : २०११ च्या कॅनडातील निवडणुकीत ‘व्होट कंपास’मध्ये सर्व प्रश्नांना एकच उत्तर दिल्यास लिबरल पक्ष जवळचा दाखवला जातो, अशी तक्रार झाली. जर्मनीतील ‘वाल-ओ-माट’मध्ये (२००२ पासून) एका वेळी आठच पक्षांशी तुलना होत असे. त्यामुळे लहान पक्षांवर अन्याय होतो असे ‘व्होल्ट’ पक्षाने म्हटले, आणि मे २०१९ मध्ये कोलोनच्या न्यायालयाने ती चाचणी रोखली. तडजोडीनंतर काही दिवसांतच ती पुन्हा सुरू झाली.

अध्यक्षीय निवडणुकीतील सर्वांत बोलके उदाहरण फ्रान्सच्या ‘एलिझ’ ॲपचे. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या या ॲपमध्ये उमेदवारांचे प्रस्ताव नावाविना एकेक करून पडद्यावर येत. पटला तर एका बाजूला, न पटला तर दुसऱ्या बाजूला सरकवायचा, की शेवटी उमेदवारांची क्रमवारी हजर. तरुणांत ते झपाट्याने पसरले. पण गुण बरोबरीत सुटले, तर संगणकीय आज्ञावली एमान्युएल माक्राँ यांचे नाव वर ठेवते हे लवकरच उघडकीस आले. ते दुरुस्त करण्यात आले. वापरकर्त्यांच्या राजकीय मतांची माहिती कोठे साठते याचीही चौकशी विदा-संरक्षण आयोगाने केली.

पदाचे अधिकार आणि प्रश्न : व्यक्तीशी तुलना करताना आणखी एक अडचण येते. फिनलंडच्या अध्यक्षाकडे मुख्यतः परराष्ट्र व संरक्षण धोरण असते आणि तेही सरकारच्या सहकार्याने. २०२४ च्या अंतिम फेरीतील अलेक्झांडर स्टब व पेक्का हाविस्टो हे दोघेही नाटो सदस्यत्वाचे समर्थक होते. अशा वेळी फरक दाखवण्यासाठी विधाने अध्यक्षाच्या अधिकाराबाहेरच्या विषयांकडे सरकतात. अमेरिकेत हाच प्रश्न पक्षांतर्गत प्राथमिक फेरीत येतो, कारण तेथे सगळेच उमेदवार बऱ्याच बाबतींत एका सुरात बोलतात.

परिणाम : वापर प्रचंड आहे. २०१७ मध्ये स्टेमवायझर सुमारे ६८ लाख वेळा, तर २०२१ मध्ये वाल-ओ-माट दोन कोटींहून अधिक वेळा वापरले गेले. वापरणारे सरासरीपेक्षा तरुण, शिकलेले व राजकारणात आधीच रस असलेले असतात. म्हणून चाचणीमुळे मतदान वाढते की मतदान करणारेच चाचणी घेतात, हे वेगळे काढणे कठीण जाते. सर्वेक्षणांवर आधारलेल्या अभ्यासांत परिणाम ठळक दिसतो. काटेकोर प्रयोगांत तो बराच क्षीण होतो.

भारत : राष्ट्रपतीची निवड अप्रत्यक्ष असल्याने (अनुच्छेद ५४ व ५५) अध्यक्षीय प्रकार येथे लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे उमेदवाराचे शिक्षण, मालमत्ता व गुन्हेगारी खटले यांची माहिती शपथपत्रातून मिळते. धोरणविषयक मतांचा त्यात समावेश नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सदस्याला सभागृहात पक्षादेश पाळावा लागतो, त्यामुळे त्याच्या वैयक्तिक मताशी जुळणी पाहण्याला फारसा अर्थ उरत नाही. जाहीरनामा वा वचननामा यांच्याशी तुलना करता येईल, पण निवडणुकीनंतर आघाड्या बदलतात. महाराष्ट्रात २०१९ मध्ये युतीतून लढलेल्या शिवसेनेने काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेससह सरकार बनवले, तेव्हा मतदानापूर्वीची जुळणी कोणाच्या भूमिकेशी धरायची हा प्रश्न निर्माण झाला असता.