पन्हाळा

पन्हाळा हे कोल्हापूर जिल्ह्यातील डोंगरी किल्ला, थंड हवेचे ठिकाण व तालुक्याचे गाव. ते कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किमी.वर आहे. लोकवस्ती जेमतेम तीन हजारांची असल्याने राज्यातल्या सर्वांत लहान नगरपरिषदांत त्याची गणना होते. बहुतेक गडांवर आज जोती आणि टाकी तेवढी उरली आहेत. पन्हाळ्यावर मात्र तटाच्या आत अजून माणसे नांदतात, आणि हेच या गावाचे खरे वैभव आहे.

शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस गड बांधला. पुढे तो यादव, बहमनी व आदिलशाही अमलाखाली गेला. अफझलखानवधानंतर काही दिवसांतच, नोव्हेंबर १६५९ मध्ये, शिवाजी महाराजांनी तो घेतला. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा सुमारे चार महिने चालला. जुलैच्या भर पावसात महाराज राजदिंडीच्या वाटेने विशाळगडाकडे निसटले. शिवा काशीद व बाजीप्रभू देशपांडे यांचे बलिदान याच प्रसंगातले. त्यानंतर गड आदिलशहाकडे गेला. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ मावळ्यांनिशी तो परत मिळवला. ताराबाईंच्या काळात येथे करवीर राज्याची राजधानी होती. १७८२ मध्ये ती कोल्हापुरास हलली. कवी मोरोपंतांचा जन्मही इथलाच (१७२९).

वास्तूंमध्ये अंबरखाना पहिला पाहावा. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याच्या कोठारांची नावे आहेत. गंगाकोठीत शिरले की जाड भिंतींमुळे उन्हाळ्यातही अंगाला गारवा लागतो, आणि धान्य ओतण्यासाठी छताला ठेवलेल्या झरोक्यांतून उजेडाचे कवडसे पडतात. वेढ्यात गडावरची शिबंदी चार महिने कशी तगली, ते इथे उमजते. अंधारबाव ही तीन मजली विहीर: तळाशी पाणी, वर पहाऱ्याची जागा, आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर पडायची चोरवाट. तीन दरवाजाचे कोरीवकाम व त्यावरचा फार्सी लेख आदिलशाहीचा आहे. चार दरवाजा इंग्रजांनी गडकऱ्यांच्या १८४४ च्या बंडानंतर पाडला. सज्जाकोठीत संभाजीराजांचे वास्तव्य होते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे. या मानामुळे बांधकामाचे निर्बंध आणखी वाढतील, ही रहिवाशांची धास्ती रास्त आहे. संरक्षित वास्तूलगत घर असेल, तर डागडुजीलाही परवानगी लागते. गडाची देखभाल ठरवताना त्यांना आधी विचारले पाहिजे. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला निघणारी पोरे अजूनही याच गावातून, चिखल तुडवत, मसाई पठाराकडे उतरतात.